आर्क्टिकतज्ज्ञ, मुक्काम पोस्ट बेसिंगस्टोक

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळात मला आर्क्टिकतज्ज्ञ म्हणून ओळखतात. उत्तरेला मी फार तर लीड्सपर्यंत गेलो आहे, आणि तेही एका बारशाला. हिवाळ्यात घरासमोर दोन बोटं बर्फ पडला, तर मी आधी ऑफिसला 'आज घरूनच काम करतो' असा मेसेज टाकतो आणि मग पडदा सारून बर्फ बघतो. तरीही तज्ज्ञ मीच, कारण आमच्या गावातल्या मराठी माणसांत उत्तर ध्रुवावर ज्याचं पोट चालतं असा दुसरा कुणी नाही.

माझी कंपनी मालवाहू जहाजांना वाट दाखवणारं सॉफ्टवेअर बनवते. वारा कुठून आहे, लाटा किती आहेत, बर्फ कुठे आहे, कुठल्या देशाचं कुणाशी बिनसलंय, हे सगळं बघून ते सॉफ्टवेअर कॅप्टनला सांगतं की बाबा रे, इकडून जा. त्यातल्या उत्तर ध्रुवाच्या भागाचा मी प्रमुख. प्रमुख म्हणजे तो भाग बिघडला की शिव्या मला. पूर्वी तो कुणी उघडूनही बघत नसे, कारण तिकडे सगळा बर्फच होता आणि बर्फातून जहाज न्यायला कुणी वेडं नव्हतं. मग बर्फ मागे हटायला लागला. उन्हाळ्यात रशियाच्या डोक्यावरून जहाजं जायला लागली, आणि ऑफिसात लोक मला मीटिंगला बोलवायला लागले. बर्फ वितळला आणि माझा भाव वधारला. हे मी चारचौघांत बोलत नाही.

अशा या ध्रुवावर माझी एकुलती एक लेक नोकरीला निघाली.

साउदॅम्प्टनला ती समुद्रशास्त्र शिकली तेव्हा मला वाटलं होतं की पुढे एखाद्या ऑफिसात बसून समुद्राबद्दल काहीतरी टाइप करेल, जसं मी करतो. एका रविवारी पोहे खाताना तिने सांगितलं की एका सर्वेक्षण जहाजावर तिला घेतलंय. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघायचं, वर बॅरेंट्स समुद्रात जायचं, आणि बर्फ हटलाय तिथे समुद्राचा तळ मोजायचा. कित्येक महिने. मी म्हणालो, "वा! अभिनंदन!" आणि तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. मला ती जायला नको होती. कारण विचाराल तर काही नाही, मला ती घरात हवी होती. पायऱ्यांवर तिचे बूट आडवे पडलेले असावेत आणि मी त्यांना अडखळून चिडावं, इतकंच माझं मागणं होतं.

हे सरळ सांगणं शक्य होतं. पण मी पुण्याचा आहे आणि माझ्याकडे माहिती होती. मी जागतिक राजकारण काढलं.

रोज जेवायला बसलं की मी बातम्या वाढायला लागलो. आज रशियाने उत्तरेत नवीन तळ उभारला. आज चीन म्हणाला की आम्हीसुद्धा आर्क्टिकच्या जवळचेच. नकाशात बघितलं तर बीजिंगपासून ध्रुव जितका लांब, तितकी आमच्या पुण्याहून काशीसुद्धा नाही. पण चीनला कोण विचारणार? आज अमेरिकेने पुन्हा ग्रीनलँडचं नाव काढलं. डेन्मार्क चिडलाय, कॅनडा बिथरलाय, नॉर्वे गप्प आहे, आणि नॉर्वे गप्प असणं सगळ्यात वाईट. लेक आमटी ओरपत ऐकायची आणि म्हणायची, "बाबा, आय नो. माझा जॉबच तो आहे."

बायको एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. औषध किती आणि विष किती, हा तिचा रोजचा हिशोब. एका संध्याकाळी लेक वर गेल्यावर ती म्हणाली, "तू इकडे यायला निघालास तेव्हा तुझे बाबा निदान गप्प बसले होते."

ते खरं होतं. बाबांनी माझ्या बॅगेचं कुलूप ओढून बघितलं, मी रिक्षात बसताना "पोचलास की कळव" एवढं म्हणाले आणि घरात गेले. पण बाबांना जागतिक राजकारणातलं काही कळत नव्हतं, मला कळत होतं. निदान माझा युक्तिवाद तरी असा होता.

अशातच मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी पहिल्या वर्षी गणपती बसवतो आणि दुसऱ्या वर्षी व्याख्यानमाला काढतो. आमची दरवर्षी मार्चमध्ये असते. अध्यक्षबाई निवृत्त डॉक्टर. आयुष्य लीड्सच्या हॉस्पिटलात गेल्यामुळे त्यांना नकार ऐकायची सवय नाही. म्हणाल्या, "हाडांच्या ठिसूळपणावर बोलणारे होते ते येत नाहीयेत. ऑन-कॉल लागलाय. तुम्ही तुमचं ते बर्फाचं घ्या."

रीतीप्रमाणे मी दोनदा नाही म्हणालो, आणि तिसऱ्यांदा त्यांनी विचारायच्या आत हो म्हणालो. कारण माझ्या डोक्यात एक बेत शिजला होता. आपल्याकडे म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे. इथे सून नव्हती, त्यामुळे सगळ्या मंडळाला बोलायचं आणि ते लेकीला लागू द्यायचं असं मी ठरवलं. घरात ती माझ्या बोलण्यातून उठून जाऊ शकत होती. हॉलमधून उठून गेली असती तर अध्यक्षबाईंनी तिला हाताला धरून परत बसवलं असतं. शिवाय प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायचं काम मी तिच्याकडेच दिलं, म्हणजे पहिल्या रांगेतून हलायचीच सोय नाही.

हॉल चर्चच्या मागचा. रात्री आठला हॉल बंद करायला चाव्या घेऊन केअरटेकर दारात उभा राहतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आम्ही वीस मिनिटं उशिरा सुरू करतो. अध्यक्षबाईंनी माझी ओळख करून दिली, "उत्तर ध्रुवाच्या अभ्यासात ज्यांनी उमेदीची वर्षं वेचली," आणि मी खाली बघून बूट न्याहाळले. टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेले होते. नारळ लंडनच्या ईलिंगहून आणला होता, हेही त्यांनी सांगितलं. आमच्याकडे मिळतो तो आतून नासका निघतो.

मी बोलायला लागलो आणि, खोटं कशाला बोलू, रंगलो. ध्रुव मध्यभागी असलेला नकाशा दाखवला. आपण नेहमी बघतो त्या नकाशात रशिया एका टोकाला आणि अमेरिका दुसऱ्या. वरून बघितलं तर दोघं एकाच अंगणाच्या दोन बाजूंना. मध्ये बर्फ होता तोवर अंगणाला किंमत नव्हती. आता बर्फ चाललाय आणि खाली तेल आहे, वायू आहे, खनिजं आहेत, वरून युरोपला जायची जवळची वाट आहे. त्यामुळे जो तो म्हणतोय की समुद्राखालची जमीन आमच्याच जमिनीचा पुढचा भाग आहे.

"म्हणजे बांध कोरतायत," मागून आवाज आला.

बोलणारे काका इस्लामपूरचे निवृत्त वकील. जावयाकडे उन्हाळ्यापर्यंत राहायला आले होते, आणि जन्मभर त्यांनी शेतांच्या बांधाचे दावे चालवले होते. "दरवर्षी नांगर वीतभर पलीकडं घालायचा," त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. "दहा वर्षांत सरी तुमची." एकदम हॉल जिवंत झाला. बेसिंगस्टोकमधल्या आयटीवाल्यांच्या गावाकडच्या सगळ्या चुलत्यांनी बांध कोरलेला होता, असं दिसलं. मला जरा राग आला. माझ्या शेवटच्या स्लाइडचा निष्कर्ष त्या माणसाने दोन शब्दांत संपवला होता.

पण माझं अस्त्र पुढे होतं. सातवी स्लाइड. उत्तरेत जीपीएसचे सिग्नल कसे दाबतात, कसे फसवतात, ते मी लेसरचा लाल ठिपका नाचवत दाखवलं. जहाज असतं समुद्रात, पडद्यावर दिसतं डोंगरावर. "विचार करा," मी आवाज खाली आणला, "आपलं माणूस तिथे आहे आणि ते नक्की कुठे आहे हे आपल्यालाच माहीत नाही." मी लेकीकडे बघितलं. ती खाली मान घालून फोनमध्ये होती. पालथ्या घड्यावर पाणी.

मी शेवट जोरात केला. मोठ्यांच्या झुंजीत लहानांनी पडू नये, आणि तिकडे जायचा विचार असेल तर दहादा विचार करा, असं मी त्या हॉलला बजावलं. त्या हॉलमध्ये तिकडे जायचा विचार एकीचाच होता. एका जोडप्याने नॉर्वेची क्रूझ बुक केली होती, त्यांचे चेहरे मात्र पडले.

मग प्रश्नोत्तरं. आमच्या मंडळात प्रश्न म्हणजे विचारणाऱ्याचं छोटं व्याख्यानच असतं, पण वकीलकाकांनी सवयीने मुद्द्याचंच विचारलं. "साहेब, बांधाच्या दाव्यात ताकद कुणाची याला कोर्टात किंमत नाही. मोजणी कुणी केली याला आहे. तिथला तळ कोण मोजतंय?"

प्रश्न बरोबर होता. समुद्राखालचा हक्क सांगायचा तर तळ मोजून दाखवावा लागतो. नियमच तसा आहे. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी ते व्याख्यानात घातलं नव्हतं. मी पाण्याची बाटली उघडली.

"आमची मुलगी मोजणार आहे," दुसऱ्या रांगेतून बायको म्हणाली. "पुढच्या महिन्यात जातेय."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मला अख्ख्या व्याख्यानात तेवढ्या पडल्या नव्हत्या. अध्यक्षबाई उठल्याच. आपल्या मंडळाची मुलगी, एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, आणि आत्ताच सरांनी सांगितलं तशा धोक्यात! सत्कार झालाच पाहिजे! शाल एकच होती, नारळही एकच. दोन्ही माझ्या समोरून उचलले गेले आणि लेकीला मिळाले. धोका मी इतका छान रंगवला होता की ती निघायच्या आधीच वीरांगना झाली होती. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात. मी त्याला प्रोजेक्टर लावला होता.

"दोन शब्द बोल बाळा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने माइक घेतला. शाल खांद्यावरून घसरत होती. "नमस्कार. माझा मराठी थोडी वीक आहे, सॉरी. थँक यू सगळ्यांना. मला बाबाला एक प्रश्न आहे." ती माझ्याकडे वळली. "तू रशिया सांगितलं, चायना सांगितलं, अमेरिका सांगितलं. तुला स्वतःला कशाची भीती वाटते?"

ती थट्टा करत नव्हती. उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणालो, "उत्तम प्रश्न." आणि समुद्राच्या कायद्यात खंडाच्या उताराची व्याख्या काय आहे, त्यावर बोलायला लागलो. दारात केअरटेकरने चाव्या वाजवल्या तेव्हा कुठे थांबलो.

घरी जाताना नारळ गाडीच्या डिकीत मोकळा ठेवला होता. आमच्या गावात राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचे गोल चौक, किती आहेत याची चेष्टा साऱ्या देशात चालते. प्रत्येक राउंडअबाउटला तो नारळ डिकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत जायचा आणि ठक्कन आपटायचा. मला तो मुद्दामच करतोय असं वाटत होतं.

त्यानंतर मी बातम्या वाढणं बंद केलं. शहाणपण आलं म्हणून नव्हे, आता हरलोच म्हणून. बायकोने नारळ फोडला, मी खवला, वड्या झाल्या, आणि लेकीने त्या डब्यात भरून लोकरीच्या मोज्यांमध्ये कोंबल्या. शालही घेतली. हीथ्रोवर मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. सिक्युरिटीच्या रांगेपाशी तिने मिठी मारली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पोचलीस की कळव." बायकोने माझ्याकडे बघितलं.

मग मी ठिपका बघायला लागलो. जहाजं आपली जागा सतत कळवत असतात आणि ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यांसारखी दिसतात. हजारो ठिपक्यांतून माझा एक. सकाळी चहाच्या आधी ठिपका, मीटिंगमध्ये ठिपका, बसमध्ये ठिपका. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं की मी कामात बुडालोय. त्या वर्षी माझ्या मूल्यमापनात 'कामाशी विलक्षण बांधिलकी' असं लिहून आलं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सँडविच उघडलं आणि नेहमीप्रमाणे बघितलं, तर ठिपका समुद्रात नव्हता. तो रशियात होता. किनाऱ्यावर नव्हे, चांगला आत, जंगलात.

आता वाचकांनी आठवून बघावं, की हीच गोष्ट मी भर हॉलमध्ये लेसरने दाखवली होती. जहाज समुद्रात, पडद्यावर डोंगरावर. सातवी स्लाइड. मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मला एवढंच कळलं की माझी मुलगी रशियाच्या जंगलात आहे. सँडविच कीबोर्डवर पडलं. मी बायकोला फोन लावला आणि पूर्ण ऑफिसला ऐकू जाईल अशा मराठीत ओरडलो, "त्यांनी पकडलं तिला!"

"कोणी?"

"रशियाने! बोट जंगलात आहे!"

पलीकडे औषधाच्या खिडकीशी कुणीतरी खोकत होतं. बायको म्हणाली, "बोट जंगलात कशी जाईल?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"जरा शांतपणे विचार कर," ती म्हणाली, पण तिचाही आवाज बारीक झाला होता. "बोट. जंगलात. कशी जाईल?"

मी फोन ठेवला आणि जहाजाच्या कंपनीला लावला. तिथल्या बाईंनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं. त्या भागात सिग्नलची ही गडबड होते, जहाजाशी रेडिओवर बोलणं झालंय, सगळं व्यवस्थित आहे, असं म्हणाल्या. मग विचारलं, आपल्याला ही जागा कुठल्या सॉफ्टवेअरवर दिसली? मी माझ्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हां, त्यांचा आर्क्टिकचा भाग अजून सुधारायला हवा." मी म्हणालो, त्यांच्यापर्यंत पोचवतो.

खुर्चीत बसलो. खरंच सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. आणि सगळं ठीक आहे असं कळल्यावरही भीती जाईना.

बऱ्याच वेळाने तिचा व्हॉइस मेसेज आला. मागे वाऱ्याचा घोंघाट. "बाबा, हाय! आज इकडे जीपीएस गेली. स्क्रीनवर आम्ही फॉरेस्टमध्ये आहोत, सो फनी. दोन नवीन लोक खूप घाबरले. मग मी त्यांना एक्स्प्लेन केलं, तुझा स्लाइड सेव्हन. ते म्हणाले, हाउ डू यू नो? मी म्हणाले, माझे बाबा आर्क्टिक एक्स्पर्ट आहेत."

पाठोपाठ दोन फोटो आले. पहिल्यात ती डेकवर, जाड नारिंगी सूटवर मंडळाची शाल गुंडाळलेली, मागे राखाडी पाणी आणि बर्फाचे चार तुकडे. दुसरा चर्चमागच्या हॉलमधला होता. पडद्यावर माझी सातवी स्लाइड, आणि तिच्यासमोर लेसर उगारून, तोंड उघडं टाकून उभा असलेला मी. फोनमध्ये खाली मान घालून बसली होती ती यासाठी.

मग तिने लिहिलं, रोमन अक्षरांत, नेहमीसारखं: "तू डॉट बघत होता ना? घाबरला का?"

मी लिहिलं, "छे! त्या भागात हे नेहमीचंच आहे. खरं म्हणजे सिग्नलची वारंवारता..." आणि थांबलो. सगळं पुसलं. कीबोर्डवरची काकडी बाजूला केली. मग लिहिलं, "हो. खूप. तू जाते म्हणालीस त्या रविवारपासून."

दोन निळ्या खुणा उमटल्या. ती काहीतरी टाइप करत होती, थांबत होती, पुन्हा टाइप करत होती. पडद्यावर ठिपका जंगलातून उडी मारून समुद्रात परत आला, आणि त्याच सुमारास तिचं उत्तर आलं.

"मी पण. म्हणून तर हॉलमध्ये विचारलं होतं."